भक्तिगीतांना बंद पडणारं मशीन

"पावणं, तुमचं मशीन नास्तिक हाय," शिवूदादा म्हणाले. "सिनेमाची गाणी लावा, दिवसभर घसा फाडून गातंय. सकाळी आप्पांची देवाची वचनं लागली, की मुंडी टाकतंय."

मी हसलो नाही. हसण्यासारखी परिस्थिती नव्हती. त्या घरी माझ्या इतक्या खेपा झाल्या होत्या, की त्यांचं कुत्रं माझ्यावर भुंकायचं सोडून शेपटी हलवायला लागलं होतं. कॉम्प्युटर मी पुसून नव्यानं भरला होता. हार्ड डिस्क बदलली होती. सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन टाकलं होतं. तरी सकाळ झाली, की गाणं अर्ध्या शब्दावर तुटायचं, स्क्रीनवरचा बाण जागच्या जागी गोठायचा आणि घर चिडीचूप. याला आम्ही क्रॅश म्हणतो. बंद करून परत चालू केलं, की दिवसभर काही तक्रार नाही.

शेवटी शिवूदादांचे थोरले भाऊ, ज्यांना सगळे अण्णाच म्हणत, ते दारात उभे राहून म्हणाले, "रविवारी शेवटचं बघा. न्हाय जमलं तर सगळं काढून न्या. सोमवारी गवंडी येणार हाय."

गवंडी कशाला येणार होता ते सांगायला हवं. त्याआधी हे मशीन काय होतं तेही सांगतो.

मी मूळचा टेपरेकॉर्डरवाला. नव्वदच्या दशकात कोल्हापुरात राजारामपुरीत माझं छोटं दुकान होतं. हेड साफ करणं, बेल्ट बदलणं, टेपनं खाल्लेली कॅसेट पेन्सिल फिरवून सोडवणं, यात माझा हात कुणी धरू शकत नसे. मग कॅसेट मेली. तिच्या मागोमाग माझं दुकानही जाणार होतं, पण मी चाळिशीत कॉम्प्युटर शिकलो आणि 'होम म्युझिक स्ट्रीमिंग' असा बोर्ड लावला. बोर्ड वाचून लोक आत यायचे आणि विचारायचे, "हितं रिमोटचे सेल मिळतात का?"

स्ट्रीमिंग म्हणजे आज पोरं खिशातल्या फोनवर करतात तेच. तेव्हा त्याला एवढा पसारा लागायचा. घरातल्या एका कॉम्प्युटरमध्ये सगळी गाणी भरायची. तिथून प्रत्येक खोलीत केबल न्यायची. खोलीत एक डबा आणि ॲम्प्लिफायर. गच्चीवरच्या टाकीतून प्रत्येक नळाला पाणी येतं तसं एका कॉम्प्युटरमधून प्रत्येक डब्याला गाणं. कोल्हापुरात हे परवडणारे म्हणजे डॉक्टर, बिल्डर आणि शिरोली एमआयडीसीतले फाउंड्रीवाले, म्हणजे भट्टीत लोखंड वितळवून भाग ओतणारे.

आप्पा फाउंड्रीवाले. एका भट्टीवर सुरू करून त्यांनी मोठा कारखाना उभा केला. पंपांचं, ट्रॅक्टरचं कास्टिंग. दोन मुलगे, अण्णा आणि शिवूदादा. कारखाना दोघांचा एकत्र, घर मात्र वेगळं झालेलं. कशावरून ते मला कधी कळलं नाही आणि गिऱ्हाइकाच्या घरातली भांडणं विचारायची नाहीत हा आमच्या धंद्यातला रिवाज आहे. एका मोठ्या बंगल्याचे दोन भाग झाले होते. दोन स्वयंपाकघरं, दोन मीटर, दोन फाटकं. मधे एक बोळ आणि त्याला एक दार, तेवढं उघडं. बोळाला लागून आप्पांची खोली. एक दिवस इकडं जेवत, एक दिवस तिकडं.

म्युझिक सिस्टिमची कल्पना आप्पांची. त्यांच्या पत्नी, घरातल्या आव्वा, जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांच्या कॅसेटी होत्या. कन्नड वचनं, मराठी अभंग. रोज पहाटे त्या लावायच्या आणि घर उठायचं. आप्पांनी त्या कॅसेटींची पिशवी माझ्यापुढं ओतली.

"ही सकाळची दोन्ही घरात एकदम वाजली पायजेत," ते म्हणाले. "आदीमागं न्हाय. एकदम."

ते मी केलं. कॅसेटी कॉम्प्युटरमध्ये उतरवल्या. कॉम्प्युटर अण्णांच्या हॉलमध्ये, डबा शिवूदादांच्या हॉलमध्ये, मधली केबल बोळातून. दसऱ्याला सुरू केलं. दिवाळी झकास गेली. थंडी पडली आणि मशीननं मान टाकली.

मग सुरू झालं ते वेगळंच. अण्णांच्या घरचे म्हणत, "तिकडं कायतरी करत्यात." शिवूदादांच्या घरचे म्हणत, "कॉम्प्युटर त्यांच्याकडं हाय, बटन त्यांच्या हातात." दोन घरांना जोडणारी एकच गोष्ट मी बसवली होती आणि रोज सकाळी भांडायला तीच निमित्त होत होती. अखेर अण्णांनी ठरवलं, की मशीन काढायचं आणि बोळाचं दार बुजवून भिंत घालायची. आप्पा खोलीतल्या खुर्चीवर बसून माझ्याकडं बघत राहिले. ते बघणं मला दोन रात्री झोपू देईना.

आधी मी भक्तिगीतांवरच संशय घेतला. जुन्या कॅसेटी, बुरशी आलेली टेप, उतरवताना एखादी फाइल बिघडली असेल. सगळी वचनं परत उतरवली. तरी तेच. मग एक साधी गोष्ट केली, जी पहिल्याच दिवशी करायला हवी होती. वचनं दुपारी लावली. ठणठणीत चालली. दुसऱ्या दिवशी सकाळी सिनेमातलं एक उडतं गाणं लावलं. दोन कडव्यांत गप.

म्हणजे मशीन नास्तिक नव्हतं. त्याला सकाळच सोसत नव्हती. तसा तर मीही आहे.

रविवारी मी सकाळीच हजर झालो. शैलावहिनींनी, म्हणजे शिवूदादांच्या मिसेसनी, चहा दिला आणि सहज म्हणाल्या, "गाण्याचं बघताय, तर आमच्या बाथरूमच्या नळाचं पण बघा की. हात लावला की मुंग्या येत्यात."

"नळवाला न्हाय त्यो," शिवूदादा म्हणाले. "आनि तुला कशानं मुंग्या येत न्हाईत? परवा माझ्या मित्राला बघून पण आल्त्या."

सगळे हसले. मीही हसलो. चहा चांगला होता.

बिघाड शोधायची आमची रीत एकच. अर्धं अर्धं करत जायचं. मी बोळातली केबल काढली. अण्णांकडं वचनं सुरू केली. चालली. शिवूदादांच्या हॉलमध्ये माझा लॅपटॉप त्यांच्या डब्याला जोडला. चालली. दोन्ही घरं वेगवेगळी ठणठणीत. केबल जोडली. थोड्या वेळात गप.

"म्हंजे एकत्र आलं की बिघडतंय," अण्णा म्हणाले. "ते आमाला ठावंच व्हतं."

आता ती केबल. ती माझी नव्हती. अण्णांनी हौसेनं कारखान्यातून आणून दिली होती. भट्टीजवळून कॉम्प्युटरची लाइन न्यायची, तर भट्टीचा विजेचा गोंधळ आत शिरू नये म्हणून केबलवर तांब्याच्या तारांची जाळी असते. शील्डेड केबल म्हणतात. एक नंबर माल. घरात तिची गरज नव्हती, पण गिऱ्हाईक चांगली वस्तू फुकट देत असताना नको म्हणणारा माणूस आमच्या धंद्यात अजून जन्मायचा आहे.

या जाळीचा एक नियम आहे. ती एकाच टोकाला अर्थ करायची, म्हणजे जमिनीला जोडायची. अर्थिंग म्हणजे काय? घरामागं एक खड्डा असतो, त्यात पत्रा किंवा पाइप, भोवती कोळसा आणि मीठ. उपकरणातून वीज बाहेर गळली, तर ती माणसाच्या अंगातून न जाता हिरव्या वायरनं त्या खड्ड्यात जावी, यासाठी ती सोय. विजेचं गटार म्हणा. दोन घरांची दोन गटारं असली आणि त्यांची पातळी सारखी नसली, तर मधल्या जाळीतून वीज इकडून तिकडं वाहायला लागते. कॉम्प्युटरला ते सोसत नाही. तो गोठतो.

मी व्होल्टेज मोजायचा मीटर लावला. शिवूदादांकडची जाळी आणि अण्णांकडचा कॉम्प्युटर यांच्यामध्ये व्होल्टेज दिसलं. सापडला चोर! पुस्तकात लिहिलेला, अगदी पहिल्या पानावरचा चोर. मी कटर काढला आणि अण्णांच्या टोकाला जाळी तोडली. आतल्या तारा तशाच ठेवल्या. गाणं आतल्या तारांतून जातं, त्याला जाळी लागत नाही.

वचनं लावली.

पहिलं संपलं. दुसरं संपलं. आप्पा खोलीतून बाहेर आले आणि बोळाच्या दारात खुर्ची ओढून बसले. डोळे मिटले. दोन्ही बाजूंनी एकच आवाज येत होता आणि ते बरोबर मधोमध होते. अण्णा इकडून आले, शिवूदादा तिकडून. दोन्ही जावा आपापल्या दारांतून डोकावल्या.

"जमलं की वो!" अण्णा म्हणाले.

"आस्तिक झालं म्हणायचं," शिवूदादा म्हणाले.

माझी छाती किती फुगली असेल ते विचारू नका. अण्णांच्या घरातून शिऱ्याची बशी आली. ते बघून शिवूदादांच्या घरातून उप्पिटाची आली. आधी कुठली उचलावी हा त्या दिवसातला सगळ्यात नाजूक तांत्रिक प्रश्न होता. मी दोन्ही बशा मांडीवर घेतल्या आणि एक घास इकडचा, एक घास तिकडचा असा न्यायनिवाडा सुरू केला.

"चला, गाणं बी सुरू झालं, गिझर बी तापला," शैलावहिनी म्हणाल्या. "म्या आंघोळ उरकून घेते." त्या आत गेल्या.

आणि घास माझ्या तोंडातच राहिला.

जाळीतून वीज वाहत होती. मी जाळी तोडली. वाहणं थांबलं. ठीक. पण ती वीज येत कुठून होती? दोन गटारांच्या पातळीत फरक असतो तो किरकोळ. मगाशी मीटरवर दिसलेला आकडा तेवढा किरकोळ नव्हता. आणि ती आता जाते कुठं? सकाळी. थंडी पडल्यापासून. सकाळी त्या घरात असं काय सुरू होतं, जे दुपारी नसतं?

बशा खाली ठेवल्या की फेकल्या, आठवत नाही. मीटर तोडलेल्या जाळीला लावला, दुसरी पिन अण्णांच्या अर्थला. आकडा वर चढत जवळजवळ मेनच्या व्होल्टेजला जाऊन थांबला. मगाशी होता त्याच्या किती तरी पट.

"वहिनी!" मी ओरडलो. "नळाला हात लावू नका! बाहेर या!"

परक्याच्या बायकोला बाथरूमच्या दिशेनं धावत जाऊन हाक मारणारा इसम मी आयुष्यात तेव्हाच झालो. शिवूदादा उठलेच. पण मी बाथरूमकडं न वळता पोर्चमध्ये पळालो आणि त्यांच्या मीटरबोर्डाचा मेन स्विच खाली ओढला.

पंखा थांबला. फ्रिजची घरघर थांबली. शिवूदादांच्या हॉलमधली वचनं अर्ध्या शब्दावर तुटली.

"बघा!" अण्णांच्या दारातून मोठ्या वहिनींचा आवाज आला. "परत बंद पडलं!"

शैलावहिनी बाथरूमच्या दारात आल्या. हातात रिकामी बादली, पाय ओले. "काय झालं वो? ओरडला का?" मी त्यांची बादली घेतली आणि खाली ठेवली. बादलीनं काय केलं होतं, कोण जाणे.

"पावणं, काय नाटक हाय हे?" शिवूदादांचा आवाज चढला.

"एक बल्ब द्या," मी म्हणालो. "होल्डरसकट. आणि लांब वायर."

बल्ब आला. मी बल्ब वायरच्या मधे घातला. एक टोक अण्णांच्या बोर्डावरच्या अर्थला जोडलं. दुसरं टोक शिवूदादांच्या बाथरूममधल्या नळाला बांधलं. सगळ्यांना लांब उभं केलं आणि मेन स्विच वर केला.

बल्ब लागला. लख्ख नाही, पण लागला. नळाला बांधलेला बल्ब.

वितळलेल्या लोखंडाची बादली समोरून जाताना पापणी न हलवणारा माणूस तो. शिवूदादा पायरीवर खाली बसले. मी मेन परत बंद केला.

गिझर उघडला. आतल्या कॉइलला भेग गेली होती. कॉइलमधली वीज पाण्यात आणि गिझरच्या लोखंडी अंगात उतरत होती. यात नवल काही नाही, कॉइल कधी ना कधी जाते. पण ती वीज अर्थिंगनं खड्ड्यात जायला पाहिजे, नळाला येता कामा नये. म्हणून मी त्यांच्या बोर्डाची हिरवी वायर धरून निघालो. ती भिंतीपर्यंत गेली आणि संपली. टोकाला कापलेली, वर काळी टेप नीट गुंडाळलेली. पलीकडं अण्णांची भिंत. अर्थिंगचा खड्डा एकच, अण्णांच्या स्वयंपाकघरामागं, घर एक होतं तेव्हाचा.

"ही कुणी कापली?" मी विचारलं.

मग शिवूदादा म्हणाले, "मीटर येगळा करताना म्या वायरमनला सांगितलं. तिकडची एक वायर ठिवू नगंस. त्यांच्या जिवावर आमचा दिवा नगं."

वायरमननं ऐकलं. अक्षरशः ऐकलं. इकडं नवा खड्डा मागाहून घेऊ, असं ठरलं होतं. मागाहून म्हणजे कधीच नाही, हे कोल्हापुरात कुणालाही सांगायला नको.

मी त्यांना समजावून सांगितलं. थंडी पडल्यापासून गिझरची गळणारी वीज हिरव्या वायरींतून ॲम्प्लिफायरमध्ये येत होती, तिथून गाण्याच्या केबलच्या जाळीत, बोळातून कॉम्प्युटरमध्ये आणि अण्णांच्या खड्ड्यात. जाळी त्या कामाची नव्हे. कॉम्प्युटर तर मुळीच नव्हे. तो बिचारा रोज सकाळी झीट येऊन पडायचा. पण ओझं वाहायचा. म्हणून वहिनींना नुसत्या मुंग्या येत होत्या. त्या घराला अर्थिंग अशी एकच गोष्ट उरली होती, गाण्याची केबल. ती मी मगाशी टाळ्या घेत कापली होती.

शैलावहिनी आपल्या तळहाताकडं बघत होत्या. नवऱ्याकडं बघितलं नाही, ते बरं केलं.

अण्णा उठले. आत गेले. मला वाटलं, झालं, आता मशीन उचला म्हणणार. ते बाहेर आले ते जाड हिरव्या वायरचं वेटोळं घेऊन. इतक्या दिवसांत त्या दोघांना मी एकमेकांशी थेट बोलताना पाहिलं नव्हतं, जे काही असेल ते माझ्यामार्फत किंवा आप्पांमार्फत.

"शिव्या, ड्रिल कुठं हाय तुजं?" अण्णा म्हणाले.

शिवूदादा बसल्या जागीच म्हणाले, "नगं. म्या उद्या माझा खड्डा मारून घेतो."

"उद्या मार की. आज काय करतोस? बायकूला मारतोस?"

"तुमच्या खड्ड्याला जोडायचं मंजे…"

"माझा कसला? जमीन आप्पाची हाय," अण्णा म्हणाले. "ऊठ."

शिवूदादा उठले. भिंतीला भोक त्यांनीच पाडलं. वायर अण्णांनी ओढली. जोडणी मी केली, आणि मीटर लावून तपासली. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा, आप्पा "झालं का वो?" म्हणेपर्यंत. गिझर भिंतीवरून उतरवला. मग सगळं झाल्यावर वचनं लावली. जिथं तुटली होती तिथून नाही, पहिल्यापासून. आप्पांचा तसा आग्रह होता.

शिरा आणि उप्पिट दोन्ही गार झालं होतं. तरी मी खाल्लं. या वेळी आधी कुठलं याकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

गवंड्याला येऊ नको म्हणून त्या संध्याकाळी फोन गेला. कुणी केला ते मला कळलं नाही. आठवड्याभरात शिवूदादांनी आपल्या बाजूला दुसरा खड्डा मारला. मधली हिरवी वायर तरी काढली नाही. मी विचारलं, तर म्हणाले, "असू दे की. दोन अर्थिंग असली तर वाईट हाय का?" तांत्रिकदृष्ट्या उत्तर, वाईट नाही. मी तेवढंच सांगितलं. सिस्टिम पुढं कितीतरी वर्षं चालली. सकाळी, दोन्हीकडं, एकदम.

या कामाची मला अजून ऐट आहे, ती लपवत नाही. त्या घरी कधी गेलो, की आप्पा पाहुण्यांना माझी ओळख करून द्यायचे, "ह्ये गाण्याच्या मशीनवालं. आमची सून ह्यांच्यामुळं हाय." मी तोंडानं "छे छे" म्हणायचो आणि मनात म्हणायचो, अजून एकदा सांगा.

मला वाटलं होतं, आता सगळ्या एमआयडीसीतून स्ट्रीमिंगच्या ऑर्डरी येतील. फोन खूप आले. "तुम्ही ते गिझर बघणारे का?" असं विचारणारे. मी गेलो. प्रत्येक ठिकाणी गेलो. काही घरांत हिरवी वायर नुसती शोभेला होती. आमची सौभाग्यवती म्हणाली, "इतकी वर्षं लोकांना गाणी ऐकवलीत, कुणी विचारलं नाही. आता गटारं बघताय, तर नाव झालं."

धाकट्या कारागिरांना मी एवढंच सांगतो. एखादं मशीन पुन्हा पुन्हा बंद पडत असेल, तर ते दुरुस्त करण्याआधी ते कशानं दमतंय ते बघा. आणि शिऱ्याची बशी आली, तरी आधी मीटर लावा.